शिक्षेच्या बाकाशेजारी एक हंगाम

बायकांची आइस हॉकी लीग त्या वर्षापासून व्यावसायिक झाली, ही बातमी मला तीन भाषणांतून कळली. भाषणं जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या एका हॉटेलात झाली. पहिलं लीगच्या अध्यक्षांचं, दुसरं नव्या प्रायोजकाचं आणि तिसरं पहिल्या दोघांचे आभार मानणारं. तिन्हींत 'ऐतिहासिक' हा शब्द आला. मी एका कार कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. एकोणीस वर्षांचा माझा अनुभव असा, की ज्या दिवशी एखाद्या गोष्टीला ऐतिहासिक म्हणतात, त्या दिवशी तिचे स्क्रू मोजून घ्यावेत.

मग दिवे मालवले गेले आणि यंत्रातून धूर सोडण्यात आला. त्या धुरातून एकेक संघ चालत येणार होता. धूर जरा जास्तच झाला, त्यामुळे पहिला संघ व्यासपीठाच्या डाव्या बाजूने उतरून थेट स्वयंपाकघरात गेला. आमचा संघ शहाणा. तो धूर विरेपर्यंत थांबला. तिसऱ्या रांगेत माझी मुलगी होती. वय एकवीस, गोलकीपर. चेहऱ्यावर असा भाव, की हे सगळं लवकर आटपा, मला बर्फावर जायचंय.

आमचा संघ रेगेन्सबर्गपासून ट्रेनने चाळीस मिनिटांवरच्या एका गावाचा. तिथल्या रिंकला छप्पर आहे, पण भिंती तीनच. चौथ्या बाजूने हिवाळा आत येतो. व्यावसायिक झालो म्हणजे नेमकं काय झालं, हे मी ऑक्टोबरभर शोधत होते. कप्तानबाई पूर्वीप्रमाणेच जिल्हा रुग्णालयात नर्स होत्या. सर्वांत वेगवान खेळाडू पूर्वीप्रमाणेच बेकरीत होती आणि पहाटे तीनला उठून पाव भाजत होती. बचावफळीतली एक बालवाडीत शिकवायची. तिच्याइतक्या शांतपणे लोकांना बाजूला ढकलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. खऱ्या अर्थाने व्यावसायिक एकच होती: फिनलंडहून आणलेली गोलकीपर. ती दुसरं काहीच करत नसे, आणि जे करायची ते फार सुंदर करायची.

अडचण नेमकी तिथेच होती. गोलमध्ये जागा एकीचीच असते. दुसरी गोलकीपर डोक्यापासून पायापर्यंत सगळं चिलखत चढवते आणि संघाच्या बाकाच्या टोकाला बसते. तिथे तिला एक काम असतं. खेळाडू दर मिनिटाला बदलतात. आत येणाऱ्यांसाठी आणि बाहेर जाणाऱ्यांसाठी बाकाचं दार उघडायचं आणि लावायचं. सामनाभर. माझी मुलगी ते काम करायची.

तिचा विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश झाला होता. तो तिने वर्षभर पुढे ढकलला. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते. इथे तिची वाक्यं मी मराठीत लिहिते आहे. तेवढा सूड माझा.

"एक हंगाम दे," ती म्हणाली होती. "गोलमध्ये मला जागा मिळाली, तर मिळाली. नाही मिळाली, तर पॅड तळघरात टाकते आणि ऑक्टोबरात गुपचूप लेक्चरला जाऊन बसते. पुन्हा विषय काढणार नाही."

"आणि जागा कोण देणार?"

"कोच."

कोच बव्हेरियन होता, पन्नाशीचा, जुना बचावपटू. भाषणांच्या रात्री सबंध हॉटेलात तो एकटाच माणूस घड्याळाकडे बघत होता, म्हणून मला तो आवडला होता. मुलीने त्याला विचारलं, मी कधी खेळणार? तो म्हणाला, "शाउ मा मोई." म्हणजे, बघू या.

"'बघू' म्हणजे काय ते तुला माहीत आहे," मी तिला म्हटलं.

"आई, तो बव्हेरियन आहे. पुणेकर नाही."

"'बघू'ला नागरिकत्व नसतं."

आता माझं. इथल्या क्लबांत एरेनआम्ट नावाची गोष्ट असते. शब्दशः मानाचं पद; प्रत्यक्षात फुकट काम. प्रत्येक खेळाडूच्या घरातून एक माणूस द्यावा लागतो. नवरा नोकरीसाठी आठवडाभर दूर एश्बॉर्नला असतो आणि शनिवार-रविवार झोपतो, त्यामुळे माणूस मी. मला वाटलं होतं, केक विकायला बसवतील. पण केकचं टेबल तीन पिढ्या एकाच कुटुंबाकडे आहे, असं कळलं. वेळ नोंदवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. घड्याळ, भोंगा आणि सामन्याचा अहवाल हे त्यांचं राज्य.

"आल्झो, तर मग. मुलगी खेळते तुमची?"

"दुसरी गोलकीपर आहे."

"म्हणजे खेळत नाही." त्यांनी यादीवर खूण केली. "मग तुम्ही निष्पक्ष. उत्तम. पाहुण्यांचा शिक्षेचा बाक तुमच्याकडे."

आइस हॉकीत खेळाडूने आगळीक केली, की तिला दोन मिनिटं बर्फाबाहेर, एका कठड्यामागच्या बाकावर बसावं लागतं. तेवढा वेळ तिचा संघ एकीने कमी खेळतो. दोन मिनिटं ज्या सेकंदाला संपतात, त्या सेकंदाला तिच्यासाठी दार उघडायचं. आधी नाही, नंतर नाही. यासाठी एक दिवसाचा अभ्यासक्रम असतो, शेवटी लेखी परीक्षा आणि शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. मी एका कागदावर सही केली, की मी ओरडणार नाही, टाळ्या वाजवणार नाही आणि कोणत्याही खेळाडूला सल्ला देणार नाही.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं.

"दार उघडायचं?" त्यांनी विचारलं.

"हो आई."

"सर्टिफिकेट घेऊन?"

"हो."

"आणि नात?"

"तीही दारच उघडते. समोरच्या बाजूचं."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "काय गं, तिथे कुणालाच आपापलं दार उघडता येत नाही का?"

तर असा आमचा व्यावसायिक हंगाम सुरू झाला. बर्फाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. मध्ये तीस मीटर बर्फ आणि त्यावर हॉकी खेळणाऱ्या बायका. आमचे सामने रविवारी सव्वाअकराला असत, कारण सकाळी बर्फ सामान्य जनतेसाठी खुला असतो आणि दुपारनंतर तो पुरुषांच्या संघाचा. पुरुष लीगच्या कितव्या पायरीवर आहेत हे विचारायचं नसतं.

शिक्षेच्या बाकाशेजारी बसून मी जर्मनीतल्या पुष्कळ तरुणी पाहिल्या, एकेकीला दोन-दोन मिनिटं. काही येऊन काठी आपटतात. काही मला पटवून देतात की त्यांनी काहीच केलं नव्हतं; त्यांना वाटतं मी न्यायाधीश आहे. काही गप्प बसून घड्याळाकडे पाहतात, आणि या सर्वांत धोकादायक. मी सर्वांशी सारखीच वागत होते. म्हणजे वागतच नव्हते. खुर्चीसारखी बसून होते. निष्पक्षपणा ही मुळात सोपी गोष्ट आहे, फक्त आपलं माणूस खेळत नसावं लागतं.

एकदाच चुकले. नोव्हेंबरात एका पाहुण्या संघातली एक मुलगी बाकावर आली ती रडतच. एकोणीसची असेल. थंडीने ओठ निळे, सकाळपासून बसच्या प्रवासात काही खाल्लेलं नाही, हे ती स्वतःशीच बडबडत होती. माझ्या पिशवीत डबा होता. आपल्या शेजारी कुणी उपाशी बसलंय आणि आपल्या पिशवीत डिंकाचे लाडू आहेत, या परिस्थितीत काय करायचं हे मला कुठल्याही अभ्यासक्रमात शिकावं लागलेलं नाही. मी लाडू दिला. तिने तो हेल्मेटच्या जाळीखालून तोंडात सारला. बाहेर पडली आणि अर्ध्या मिनिटात तिने आमच्यावर गोल केला.

नऊ दिवसांनी लीगच्या कार्यालयातून क्लबला पत्र आलं. शिक्षा भोगत असलेल्या खेळाडूस यजमान संघाच्या कर्मचाऱ्याने अन्न पुरवणे नियमावलीत अभिप्रेत नाही, असं त्यात होतं. पुढे, सदर पदार्थाच्या घटकांची माहिती देण्यात यावी, असंही होतं. मी घटक लिहून पाठवले. डिंकाला जर्मन शब्द शोधण्यात एक संध्याकाळ गेली. उत्तर आलं नाही. घड्याळवाले गृहस्थ मात्र त्यानंतर दर रविवारी, सामना संपल्यावर, माझ्या पिशवीकडे बघत उभे राहू लागले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सरावात, फिनलंडच्या गोलकीपरचा गुडघा फिरला. हंगाम संपला तिचा. ती समजूतदार बाई. कुबड्या घेऊन दुसऱ्या दिवशी सरावाला आली आणि माझ्या मुलीशेजारी बसली. कोचने मुलीला कॉरिडॉरमध्ये बोलावलं. मी तिला न्यायला आले होते, म्हणून मीही ऐकलं.

"स्वीडनमध्ये एक आहे," तो म्हणाला. "चांगली आहे. मुख्य फेरी संपेपर्यंत मी तिची नोंदणी करू शकतो. तोवर पाच सामने. ते तू उभी राहा. पाचव्या सामन्यानंतर मी तिला फोन करीन. हो म्हणून, किंवा नको म्हणून."

"आणि पुढचं वर्ष?"

"जी आता उभी राहील, तीच पुढच्या वर्षी."

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "पाच सामने."

"काहीच नव्हते, त्यापेक्षा पाच बरे," मी म्हटलं. आयांना बोलता येतं म्हणून बोलतात, त्यातलं हे.

मी घड्याळवाल्यांकडे गेले. म्हटलं, मुलगी आता गोलमध्ये असणार. मी पाहुण्यांच्या दारावर असणं बरं दिसत नाही. त्यांनी यादी काढली, माझं नाव पाहिलं, यादी ठेवली.

"तुमची नेमणूक हंगामभराची आहे."

"पण परिस्थिती बदलली आहे."

"परिस्थिती बदलली असेल. यादी नाही."

पहिल्या सामन्यात तिने सात गोल खाल्ले. मी तीस मीटरांवर खुर्ची होऊन बसले होते. चौथ्या गोलानंतर माझ्या बाकावर बसलेल्या पाहुण्या मुलीने जांभई दिली. पाचव्यानंतर प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "स्वीडनला फोन लावा!" गावात काही लपत नाही. सातव्यानंतर मुलीने पाण्याची बाटली उचलली, पाणी प्यायली, बाटली जागेवर ठेवली आणि पुन्हा वाकून उभी राहिली. ते वाकून उभं राहणं मला आजही दिसतं.

घरी पोचल्यावर ती म्हणाली, "तीन माझी चूक. चार नव्हती." आणि वही घेऊन बसली. चार महिने दार उघडताना तिने या वहीत प्रत्येक संघाची प्रत्येक खेळाडू लिहून ठेवली होती. कोण कुठल्या पायावर भार देते, कोण मारण्याआधी खाली बघते, कोणाला घाई असते. मी इतकी वर्षं कारखान्यात दोषांच्या नोंदी करते; इतक्या नीट नोंदी मी फार थोड्या पाहिल्या आहेत. मी चहा करून ठेवला.

दुसरा सामना तीन-दोनने हरलो. तिसरा जिंकलो. चौथ्यात बेकरीवालीने दोन गोल केले आणि मुलीने एकही जाऊ दिला नाही. प्रेक्षकांतला तोच आवाज या वेळी काही बोलला नाही, हे मी कान देऊन ऐकलं.

पाचवा सामना ड्रेस्डेनच्या संघाशी. हिशेब साधा होता: जिंकलो तर चौथ्या स्थानावर, म्हणजे प्ले-ऑफच्या बाद फेरीत; नाहीतर हंगाम संपला. प्रायोजकाने या सामन्याला पुन्हा धुराचं यंत्र पाठवलं होतं. घड्याळवाल्यांनी ते सुरक्षेच्या कारणावरून टॉयलेटशेजारी ठेवायला लावलं, आणि तिथे ते सुरू न होता दिवसभर राहिलं. गावातली निम्मी माणसं आली होती. चौथ्या, भिंत नसलेल्या बाजूने बारीक बर्फ आत येत होता.

दुसऱ्या सत्रात ड्रेस्डेनच्या दोघी एकदमच माझ्या बाकावर आल्या. एक दुसरीला म्हणाली, "वर मार. तिच्या डाव्या हाताकडे, वर. हातमोजा उशिरा उचलते ती. सगळ्यांना सांग." मी शेजारीच होते. पण खुर्चीसमोर लोक काहीही बोलतात. दोघी बाहेर पडल्या आणि पाच मिनिटांत त्यांचा गोल झाला: डाव्या हाताकडे, वर. दोन-एक. पुढे आम्हीच होतो, पण आता त्यांना वाट सापडली होती, आणि ती मला माहीत होती, आणि मी सही केलेली होती.

एका सत्रभर मी ते पोटात ठेवलं. तिसऱ्या आणि शेवटच्या सत्राची चार मिनिटं राहिली. ड्रेस्डेनच्या एका मुलीने आमच्या कप्तानबाईंना आडवी काठी घालून पाडलं आणि ती माझ्या बाकावर आली. उंच, हेल्मेट, तोंडावर जाळी, पाठीवर जर्मन आडनाव. गप्प बसली आणि घड्याळाकडे बघू लागली. त्या धोकादायक प्रकारातली.

तिची पाऊण मिनिट शिक्षा उरली असताना खेळ थांबला. खेळ थांबला की माझी मुलगी गोल सोडून पुढच्या निळ्या रेषेपर्यंत सरकत येते आणि परत जाते. तिची सवय आहे. ती आली. माझ्यापासून दहा पावलांवर. आमच्या जुन्या रिंकमध्ये बाकासमोर काच नाही. आणि परदेशातला प्रत्येक मराठी माणूस ट्राममध्ये, दुकानात, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये जे बेधडक करतो, ते मी केलं. इथे आपली भाषा कुणाला कळत नाही, या भरवशावर तोंड उघडलं.

"वर मारणार आहेत गं! डाव्या हाताकडे, वर! हात आधीच उचलून ठेव!"

मुलीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वळली आणि गोलकडे गेली.

माझ्या शेजारून, जाळीच्या आतून, आवाज आला.

"काकू, हे चालतं का?"

मी मान वळवली.

"माझी आई नाशिकची आहे," ती मराठीत म्हणाली. उच्चार जर्मन, पण शब्द स्वच्छ. "ड्रेस्डेनला पीएचडीला आली आणि राहिली. तुम्ही त्या लाडूवाल्या ना?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"आमच्या ग्रुपवर तुमचा फोटो आहे. पण तुम्ही निष्पक्ष असता ना?"

"असते."

"मग?"

"गोलकीपर माझी मुलगी आहे."

"हां." तिने घड्याळाकडे पाहिलं. वीस सेकंद. "मग आता मी खालीच मारते. सांगून ठेवते हं. माझी आई म्हणते, मोठ्यांना सांगून जावं."

तोवर खेळ पुन्हा सुरू झाला होता. मी कडीवर हात ठेवला. मुलगी तीस मीटर लांब, गोलमध्ये वाकलेली. मला आता दुसरी बातमीही माहीत होती. खाली, खाली मारणार आहे. तोंड उघडलं असतं तर कदाचित पोचलंही असतं. पण एकदा सही मोडल्यावर दुसऱ्यांदा मोडायला जास्त धीर लागतो, आणि शिवाय ही मुलगी माझ्याकडे मान कलती करून बघत होती. तीन. दोन. एक. मी दार उघडलं.

ती बाहेर पडली आणि त्याच क्षणी त्यांच्या बचावपटूने पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, जोरात पुढे भिरकावला. आमचा सगळा संघ त्यांच्या बाजूला गर्दी करून होता. पक कठड्याला आपटून, उड्या मारत, अर्ध्या मोकळ्या बर्फावर आला, थेट हिच्यासमोर. समोर कुणी नाही. फक्त गोल आणि गोलमध्ये माझी मुलगी. बघणाऱ्यांनी नंतर सांगितलं की मी उभी राहिले होते. दार उघडंच होतं आणि घड्याळवाले ते लावण्यासाठी माझ्या अंगावरून वाकले होते. मला यातलं काही आठवत नाही.

मुलगी पुढे आली. गोल सोडून दोन पावलं, तीन पावलं. हात वर नव्हता. हात होता तिथेच, गुडघ्यापाशी. मी सांगितल्याचा तिच्यावर काडीचा परिणाम नव्हता. ड्रेस्डेनच्या मुलीने खांदा एका बाजूला झुकवला. माझी झुकली नाही. ती थांबली. थांबायचं म्हणजे काय, ते मी त्या अर्ध्या सेकंदात पाहिलं. मग पक खालून, बर्फालगत आला, आणि तिचा उजवा पाय भिंतीसारखा आडवा झाला. पक पॅडवर आपटल्याचा आवाज माझ्यापर्यंत पोचला. पक परत उसळला, तिने त्यावर अंग टाकलं, त्या उंच मुलीने तिच्यावर अंग टाकलं आणि शिट्टी झाली.

उरलेल्या दोन मिनिटांत ड्रेस्डेनने अकरा वेळा गोलवर मारलं. मोजणं हा माझा धंदा आहे. चार वर, डाव्या हाताकडे. चारही तिच्या हातमोज्यात गेले, आणि हातमोजा कुठेही उशिरा उचलला गेला नाही. भोंगा वाजला तेव्हा बालवाडीच्या बाई सर्वांत आधी तिच्यापर्यंत पोचल्या, मग कप्तानबाई, मग बेकरीवाली, आणि गोलच्या तोंडाशी हातपाय आणि काठ्यांचा एक ढीग झाला. फिनलंडची बाई कुबड्यांवर बर्फावर आली होती, जे नियमात बसत नाही, आणि तिला कुणी अडवलं नाही.

मी पंचबाईंकडे गेले. सांगणं भाग होतं. अहवालावर सही त्यांची होते. म्हटलं, शेवटच्या शिक्षेच्या वेळी मी यजमान गोलकीपरला ओरडून सल्ला दिला.

पंचबाईंनी हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले. "कोणत्या भाषेत?"

"मराठीत."

"काय सल्ला?"

मी सांगितलं.

"आणि तिने तो पाळला?"

"नाही."

"मग खेळावर परिणाम नाही," त्या म्हणाल्या, आणि दोन ओळी लिहिल्या. एक, सल्ल्याबद्दल. दुसरी, की सदर व्यक्तीची पुढील सामन्यांसाठी या पदावर नेमणूक होऊ नये. मागे उभ्या घड्याळवाल्यांनी यादी काढली आणि पेन्सिलीने माझं नाव अत्यंत सुबक रेघेने खोडलं.

हस्तांदोलनाच्या रांगेत ती उंच मुलगी माझ्या मुलीपाशी थांबली. दोघी काहीतरी बोलल्या, हसल्या. जर्मनमध्येच. मराठी ही त्यांच्या लेखी आयांची भाषा. आपापसांत कशाला वापरतील.

मी कॉरिडॉरमध्ये गेले. मुलगी जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, पॅड पायात तसेच, अंगातून वाफ निघत होती.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"सगळ्या गावाने ऐकलं."

"मग?"

"आई." ती दमलेल्या माणसाच्या सबुरीने बोलत होती. "ती दोन मिनिटं गारठ्यात बसून आली होती. हात आखडलेले. पक उड्या मारत होता. असा पक वर उचलायला मनगट सैल लागतं. ती खालीच मारणार होती, तिला दुसरं काही करताच आलं नसतं."

"ती आधीच म्हणाली होती, आता खालीच मारते. मी ओरडले म्हणून."

"म्हणू दे."

"म्हणजे मी सांगितलं ते चूकच होतं?"

"बाकीच्यांसाठी बरोबर होतं. ते मला दुसऱ्या सत्रातच कळलं होतं, गोल खाल्ला तेव्हा." तिने एक हातमोजा काढला आणि बोटं उघडझाप केली. "तू बसलेली बरी होतीस. इतकी उभी का राहिलीस?"

तेवढ्यात कोच ड्रेसिंग रूममधून बाहेर आला. आमच्याकडे त्याने पाहिलं नाही. फोन कानाला होता. पलीकडे कुणीतरी उचलला असावा, कारण तो एकदम सरळ उभा राहिला आणि इंग्रजीत बोलू लागला. त्याचं इंग्रजी डोंगरउतारावरून गडगडत येणाऱ्या धोंड्यांसारखं होतं. आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, हवा कशी आहे ते सांगितलं. मुलगी बोटं उघडझाप करायची थांबली. मी भिंतीला टेकले.

"नो," तो म्हणाला. "नो, नो. थँक यू. आय हॅव वन."

फोन खिशात टाकून तो दोन पावलं पुढे गेला, मग मागे वळला.

"उद्या सहाला," तो मुलीला म्हणाला. "सकाळी."

"हो," ती म्हणाली, आणि पॅडचे पट्टे सोडायला वाकली. पण ओले पट्टे काही सुटत नव्हते. मी खाली बसले आणि एकेक सोडू लागले.